पासवर्ड न देण्याचं बटण

2007 च्या आसपास नव्या सोशल साइटवर खातं उघडलं की ती बिनदिक्कत विचारायची: ईमेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड द्या, तुमच्या ओळखीची माणसं शोधून देतो. लोकही द्यायचे. चार नावांच्या यादीसाठी अख्ख्या पत्रव्यवहाराची किल्ली! आज ॲपमध्ये दिसणारं 'गूगलने लॉग-इन करा' हे बटण ही खोड मोडण्याच्या धडपडीतून आलं.

एकच खातं सगळीकडे चालावं म्हणून मायक्रोसॉफ्टने 1999 मध्येच 'पासपोर्ट' काढला होता. पण आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वहीत कोण नोंदवणार? ईबेनेही 2005 मध्ये त्याला रामराम ठोकला. त्याच वर्षी ब्रॅड फिट्झपॅट्रिक या प्रोग्रामरने 'ओपनआयडी' आणलं. त्यात मक्तेदारी नव्हती, पण नावाच्या जागी वेबपत्ता टाइप करावा लागे. सामान्य माणूस तिकडे फिरकला नाही.

2006 मध्ये ट्विटरचा ब्लेन कुक हेच ओपनआयडी जोडायला बसला आणि वेगळाच पेच पुढे आला. माणूस कोण ते कळेल, पण त्याच्या वतीने काही करायची परवानगी दुसऱ्या ॲपला द्यायची कशी? त्यातून 2007 च्या अखेरीस 'ओऑथ' आलं. ॲप तुम्हाला मूळ साइटवर धाडतं, पासवर्ड तिथेच टाकायचा, आणि साइट ॲपच्या हातात फक्त एक टोकन ठेवते. त्या टोकनला हद्द असते. ते रद्दही करता येतं.

म्हणजे मुळात ही सोय परवानगीची. लॉग-इन तिच्यावर मागाहून चढलं, आणि मेख इथेच आहे. 2008 च्या 'फेसबुक कनेक्ट'ने अशा बटणाची लोकांना सवय लावली. नावामागोमाग मित्रांची माहितीही ॲपांकडे जाऊ लागली. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात प्रश्नावलीचं ॲप घेतलेले सुमारे 3 लाख. माहिती गेली असावी ती 8.7 कोटींपर्यंत लोकांची, असं फेसबुकनेच 2018 मध्ये सांगितलं.

मोबाइलवर तर जुनं दुखणं उलटलं. ॲपवाले लॉग-इनचं पान ब्राउझरऐवजी आपल्याच 'वेबव्ह्यू'मध्ये, म्हणजे ॲपच्या आतल्या खिडकीत, उघडू लागले. पान गूगलचं, पण टाइप केलेलं अक्षर न अक्षर ॲपला वाचता येतं. गूगलने 2017 मध्ये ही वाट बंद केली. त्याच वर्षी ओऑथच्या 'आरएफसी 8252' या मार्गदर्शक दस्तऐवजानेही ब्राउझरच वापरा, असं बजावलं.

तुम्ही ॲप बनवत असाल तर हा नियम पाळा. वापरत असाल तर पासवर्ड मागणाऱ्या पानावर वेबपत्ता दिसतो का बघा; दिसत नसेल तर मुकाट्याने मागे फिरा.