शेराला आणे, मणाला अडीच

तांदूळ सात आणे शेर, तर मण केवढ्याला? माझे आबा पाटी न घेता ‘साडेसतरा’ म्हणून मोकळे व्हायचे. ते फायनल पास झालेले जुने प्राथमिक शिक्षक. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया. चाळीसला सोळानं भागलं की अडीच येतात. म्हणून शेराला जितके आणे, मणाला तितके अडीच रुपये. सात अडीच साडेसतरा. अडीचकी पाठ असली की हिशेब बोलता बोलता सुटायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही सगळी भावंडं अशाच कामाची. औट म्हणजे साडेतीन. त्याचाही पाढा पोरं घडाघडा म्हणायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. गणित सुधारण्याचे आदेश, पेट्या, पुस्तकं, मोहिमा माझ्या हातून शाळांपर्यंत गेल्या. त्यामुळे या पाढ्यांचं पुढं काय झालं, याचं मला कायम कुतूहल राहिलं.

मुळात पंतोजींच्या ओसरीवरच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवायचे, मोठ्या मुलांनी लहानांकडून उजळणी घोकून घ्यायची आणि दिवेलागणीला घरी परवचा म्हणायचा, असा क्रम होता. छापील पुस्तक नव्हतं. पंतोजींना आज आपण घोकंपट्टीबद्दल नावं ठेवतो, पण त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेला पोरगा दुकानावर किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरापाशी बसला, की पाठ केलेलं त्याच दिवशी उपयोगी पडायचं. पाढा कशासाठी, हे गुरुजींना समजावून द्यावं लागत नव्हतं; ते बाजार समजावून देत होता. अर्थात बाजाराशी ज्यांचा संबंध फक्त देणेकरी म्हणून येत होता, त्यांची मुलं त्या ओसरीवर बहुतेक नसायचीच.

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना चित्र बदलायला लागलं. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअरनं १८२०च्या दशकात शास्त्र्यांच्या मदतीनं इंग्रजी पुस्तकांवरून मराठीत गणिताची पुस्तकं तयार केली. शाळा व पुस्तकांसाठी स्थापन झालेल्या सोसायटीनं शिक्षकही तयार करून जिल्ह्यांत धाडले. पहिल्या २४ जणांपैकी १४ मराठी मुलखासाठी होते. गणित आता पुस्तकातून येणार आणि पुस्तक कसं शिकवायचं ते मुंबईहून शिकून आलेला माणूस सांगणार, ही कल्पना आपल्याकडे तेव्हा रुजली. ती अजून टिकून आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब असावा, शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं आणि शिक्षक प्रशिक्षित असून त्याला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असं त्यांचं म्हणणं. शेतकऱ्याच्या पोराला हिशेब आला तर सावकाराच्या वहीतला आकडा त्याला वाचता येईल. गणित कशासाठी, याचं इतकं रोखठोक उत्तर आमच्या कुठल्या परिपत्रकात मला सापडलं नाही.

त्या काळात शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, येत. ते उभं करून तोंडी हिशेब विचारत, म्हणून तोंडी हिशेबाला मान होता. आबांच्या काळापर्यंत हा मान टिकला. मग १ एप्रिल १९५७ला नया पैसा आला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै ही साखळी संपली. सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस.

आबांच्या वर्गात एक मुलगा उठला. “गुरुजी, सहा त्रिक अठरा. मग एकोणीस कसे?”

आबांनी तक्ता बाजूला ठेवला. रुपयाचे शंभर, आणे सोळा, म्हणजे आण्याला सव्वासहा. तीन सव्वासहा पावणेएकोणीस. जवळचा पूर्ण पैसा एकोणीस. लगेच दुसरा म्हणाला, “मग दोन आण्यांचे साडेबारा झाले. अर्धा पैसा कुणी खाल्ला?” वर्ग हसला. आबा हा किस्सा सांगताना म्हणायचे, त्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही आणि दशांश मात्र सगळ्यांना कळला.

पुढच्याच वर्षी दशमान वजनं यायला लागली आणि १९६२ साली शेर-मण व्यवहारातून कायद्यानं बाद झाले. अडीचकी ज्या दोन खुंट्यांवर टांगलेली होती, त्या दोन्ही पाच वर्षांत उपटल्या गेल्या. अपूर्णांकांचे पाढे हळूहळू वर्गातून गेले. पूर्णांकांचे राहिले, पण ‘कशासाठी’ हा प्रश्न उघडा पडला. १९६७ला बालभारती स्थापन झाली, तेव्हापासून पुस्तकं वेळोवेळी बदलत आली. २०१९ला दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ला ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी, यात लहान मूल अडखळतं, हे गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या. चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली. वर्गात ते कसं वापरायचं, हे शिक्षकांशी बसून बोलायला फारसं कुणाला सुचलं नाही.

माझ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी परिपत्रक वाचणं आटोपतं घ्यायची आणि वह्या मागवायची. एका वहीत ५२ वजा १७ बरोबर ४५ होतं. सगळे म्हणाले, हातचा विसरला. मी त्या शाळेच्या बाईंना म्हटलं, “उद्या त्यालाच विचारा.” पोरानं सांगितलं, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. त्यानं नियम विसरलेला नव्हता, स्वतःचा केला होता. बाईंनी काड्यांचे पाच गठ्ठे नि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि सतरा मागितल्या. पोरानं थोडा वेळ बघितलं आणि एका गठ्ठ्याचा रबर काढला. पुढच्या परिषदेत बाकीच्यांनी आपापल्या वह्यांत तेच उत्तर शोधून आणलं होतं.

पाढे पाठ असावेतच, या मताची मी आहे. पण बाजार जे कारण फुकट पुरवत होता, ते आता शाळेला कमवावं लागतं, आणि ते आधी शिक्षकाला पटावं लागतं. दोनशे वर्षं आपण पुस्तक वरून खाली पाठवत आलो. गणित सुधारायला निघालेल्या नव्या अधिकाऱ्याला मी एवढंच सांगेन: नवी पेटी धाडण्याआधी दहा शिक्षकांना एका वहीभोवती एक दुपार बसू द्या, आणि त्या दुपारी त्यांच्याकडून कुठलीही माहिती भरून घेऊ नका.