ग्रहजनक तबकड्यांतील ड्यूटेरियम

ग्रहजनक तबकड्यांतील ड्यूटेरियम : नवजात ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ज्या वायुधूलिमय तबकडीतून ग्रह निर्माण होतात, तिच्यातील जड हायड्रोजनाच्या विक्रियांच्या अभ्यासाचा विषय. ड्यूटेरियम हा हायड्रोजनाचा स्थिर समस्थानिक असून त्याच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन असतो. हॅरल्ड युरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध १९३१ मध्ये लावला. त्याबद्दल युरी यांना १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ड्यूटेरियमाचा बंध साध्या हायड्रोजनाच्या बंधापेक्षा किंचित दृढ असतो. त्यामुळे अणूंची अदलाबदल होताना ड्यूटेरियम काही संयुगांत अधिक साठते आणि तापमान जितके कमी, तितका हा कल वाढतो. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील थळ येथे १९८७ मध्ये सुरू झालेला जड पाण्याचा कारखाना याच तत्त्वावर उभारला गेला. खतनिर्मितीसाठी तयार केलेल्या वायूतील ड्यूटेरियम तेथे पोटॅशियम अमाइड या उत्प्रेरकाच्या साहाय्याने थंड द्रव अमोनियात आणले जाते.

आंतरतारकीय मेघांत तापमान सु. १० केल्व्हिन असल्याने हा कल फार तीव्र होतो. १९७३ मध्ये मृग नक्षत्रातील अभ्रिकेत ड्यूटेरियमयुक्त हायड्रोजन सायनाइड आढळले. १९७४ मध्ये विल्यम वॉटसन यांनी आयन व रेणू यांच्या विक्रियांद्वारे अशा संचयाची उपपत्ती मांडली. टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याच्या तबकडीत ड्यूटेरियमयुक्त फॉर्मिल आयन सापडल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्ही ८८३ ओरायनिस या ताऱ्याच्या उद्रेकाने तबकडीतील बर्फाची वाफ झाली होती. चिलीतील आल्मा दुर्बिणीने तिचे निरीक्षण केले असता, जड हायड्रोजनाचा एक अणू असलेल्या पाण्याचे प्रमाण पृथ्वीवरील सागरांच्या सु. ७ पट असल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. हे प्रमाण आदिताऱ्यांभोवतीच्या पाण्यातील प्रमाणाशी जुळते. यावरून मेघातील बर्फ फारसा न बदलता तबकडीत उतरतो, असे अनुमान निघते.

सूर्याच्या जन्मकाळच्या वायूत हायड्रोजनाच्या सु. ५०,००० अणूंमागे ड्यूटेरियमाचा १ अणू होता; सागरात तो सु. ६,४०० अणूंमागे १ आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांतून वाहणाऱ्या उल्हास व पाताळगंगा नद्यांच्या पाण्यातही हे प्रमाण जवळजवळ तेवढेच असते. ही वाढ अतिशीत अवस्थेची खूण होय. हॅलीच्या धूमकेतूत ते सागराच्या सु. दुप्पट (१९८६), तर ६७ पी धूमकेतूत सु. तिप्पट (२०१४) आढळले. हार्टली-२ मध्ये मात्र ते सागराइतकेच दिसले (२०११). त्यामुळे पृथ्वीला पाणी नेमके कोठून मिळाले, हा प्रश्न अनिर्णित आहे. तथापि त्या पाण्याचा काही अंश सूर्याहूनही प्राचीन असावा, असे मानण्यास या प्रमाणांमुळे सबळ आधार मिळतो.