माहीमचं कुलूप आणि जेरुसलेमची किल्ली

मंडळी, आजच्या विषयासाठी आपल्याला चेंबूरहून फार लांब जायचं नाही. हार्बरची गाडी पकडायची, वडाळ्याला बदलायची आणि माहीमला उतरायचं. दर बुधवारी जिथे नोव्हेनासाठी सर्व धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन रांगा लावतात, त्या सेंट मायकेल चर्चचा १८५३ सालचा इतिहास आपण आज पाहणार आहोत. त्या वर्षी खुद्द एक बिशप या चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेऊन बसले होते आणि बाहेर वेढा घालून बसले होते तेही कॅथलिकच!

हे समजायला जरा मागे जाऊ. पूर्वेकडच्या देशांत बिशप नेमण्याचा आणि चर्चची व्यवस्था पाहण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, ते प्रोपगंडा फिदे. म्हणजे घर एक आणि कारभारी दोन. मुंबई इंग्रजांकडे गेली तेव्हा हा पेच उघडा पडला. गोव्याच्या आर्चबिशपचं ऐकणारे पोर्तुगीज पाद्री कंपनीला नकोसे वाटले. १७२० मध्ये कंपनीने त्यांना घालवलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाईट बिशपांना आणलं. १७८९ मध्ये पारडं उलटं फिरलं, १७९१ मध्ये पुन्हा सुलटं. अखेर १७९४ मध्ये कंपनीने सरळ वाटणी केली. दादरचं, आपण ज्याला आजही पोर्तुगीज चर्च म्हणतो ते, पाद्रोआदोकडे. माहीमचं सेंट मायकेल प्रोपगंडाकडे.

आता गंमत पाहा. दोघांची प्रार्थना एक, संस्कार एक, पोपही एकच. तरी एकाच वस्तीत दोन पाद्री आणि त्यांच्यावर दोन बिशप. आपलं लग्न कोणी लावलं तर ते खरं, हा प्रश्न साध्या कोळ्या-कुणब्याच्या घरात शिरला. वाद तत्त्वाचा नव्हता म्हणून तो सौम्य होता, असं आपण समजू नये. उलट, तत्त्वाचा वाद चर्चेने तरी पुढे सरकतो. ताब्याचा वाद चर्चेला बसतच नाही.

१८५३ मध्ये माहीमचे बरेच लोक पाद्रोआदोकडे परत जायला निघाले. तेव्हा प्रोपगंडाचे बिशप अनास्तासियस हार्टमान, मूळचे स्वित्झर्लंडचे कापुचिन, आपल्या माणसांसह चर्चमध्ये जाऊन बसले. सुमारे पंधरवडा हा वेढा चालला. शेवटी मुलकी अधिकाऱ्यांनी दार उघडवलं आणि चर्च पाद्रोआदो पक्षाच्या हाती दिलं. कॅथलिकांच्या घरचा तंटा मिटवला तो प्रॉटेस्टंट सरकारने.

नेमक्या याच सुमारास जेरुसलेममध्ये काय चाललं होतं? ख्रिस्ताच्या कबरीच्या चर्चवरून ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि लॅटिन कॅथलिक भांडत होते. १८५२ मध्ये सुलतानाने फर्मान काढलं की जे जसं आहे ते तसंच राहील. तिथे आजही सहा पंथ नांदतात आणि दाराची किल्ली सांभाळतं ते एक मुसलमान कुटुंब, तर दार उघडतं दुसरं मुसलमान कुटुंब. पण तेव्हा एका बाजूला रशिया आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्स उभा होता. १८५३ च्या ऑक्टोबरात क्रिमियाचं युद्ध पेटलं. त्याची कारणं आणखीही होती, पण ठिणगी या भांडणाचीच.

दोन्हीकडे किल्ली तिऱ्हाइताच्या हाती गेली, हे आपण लक्षात घेऊ. तिऱ्हाईत न्याय देत नाही, शांतता देतो. जेरुसलेममध्ये वाद गोठला. मुंबईत तो मिटला, पण वेळ लागला. १८८६ च्या करारानंतरही दोन बिशपांचा अंमल चालूच होता. तो संपला १९२८ मध्ये, आणि तेव्हाही तोडगा असा की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. ही पाळीही १९५० मध्ये संपली आणि व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

हे फक्त ख्रिस्ती लोकांचं आहे, असं मानून आपण सुटू शकत नाही. पंढरपूरच्या बडव्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात संपायला २०१४ साल उजाडलं. देवावर हक्क सांगता येत नाही, म्हणून माणूस दारावर सांगतो. माहीमच्या बुधवारच्या रांगेत उभं राहणाऱ्याला मात्र हे चर्च कधीकाळी कोणाकडे होतं, हे विचारावंसंही वाटत नाही. आम्हाला वाटतं, त्या तंट्याचा खरा निकाल या रांगेने लावला आहे.