संत्र्याची बाग आणि लिव्हरपूलचे गणित

आमची संत्र्याची बाग काटोल तालुक्यात. पिवळे पडलेले झाड दिसले की वडील मजूर लावून ते तोडायचे आणि सरपणाला द्यायचे. पुढच्या वर्षी शेजारची दोन पिवळी. असे करत करत अर्धी बाग गेली आणि १९८६ मध्ये मी इंग्लंडला निघालो, तेव्हा "वेळेवर तोडली असती तर!" एवढेच ते म्हणाले. त्या झाडांना नेमका कोणता रोग होता, याची तपासणी कधी झालीच नाही. विदर्भातल्या संत्र्याच्या ऱ्हासाला कारणे अनेक. पण त्यातल्या एका कारणाचा इतिहास वाचताना मला वडिलांचे ते वाक्य सारखे आठवत राहिले.

हे कारण म्हणजे 'ग्रीनिंग'. पान अर्धे हिरवे, अर्धे पिवळे. फळ वाकडे आणि कडवट. नवतीवर बसून रस शोषणारी सायला ही इवलीशी कीड हा रोग पसरवते, हे १९६७ मध्ये कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवून दिले, आणि तेही आपल्या पुण्यात, भारतीय कृषि संशोधन संस्थेच्या केंद्रात! तेव्हा हा विषाणू समजला जाई. तो जिवाणू असल्याचे पुढे कळले.

आता गणिताकडे. अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, हे आपण शाळेत शिकलो. पुढे लिव्हरपूलला प्राध्यापक असताना त्याने समीकरणे मांडली, ते मात्र कोणी शिकवले नाही. सगळे डास मारणे अशक्य, असे टीकाकार म्हणत. रॉसचे उत्तर असे, की सगळे मारायला नकोतच; डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की हिवताप आपोआप ओसरतो. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज मॅकडोनल्डने हे गणित पुढे नेले.

माणसाच्या जागी झाड आणि डासाच्या जागी सायला ठेवा, की तेच गणित बागेला लागू पडते. फरक एक, पण जीवघेणा. हिवतापाचा रोगी काही दिवसांत थंडीने कुडकुडतो. झाड मात्र कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, रोग लपवते. समजा, तेवढ्या काळात एका झाडाने तीन झाडांना रोग दिला. तुम्ही पिवळे झाड तोडता, तेव्हा ती तिन्ही हिरवीगार उभी असतात.

फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. तिथल्या बागेच्या नोंदींवरून केंब्रिज, रॉथमस्टेड आदी ठिकाणच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये जे प्रारूप प्रसिद्ध केले, त्यात हीच अडचण सोडवायची होती: झाड पिवळे दिसल्याची तारीख माहीत, रोग लागल्याची नाही. ती संभाव्यतेने काढावी लागते. बागाईत मात्र वाचली नाही. २००३-०४ मध्ये तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दोन कोटींहूनही कमी. (चक्रीवादळांचाही त्यात वाटा होता.)

म्हणजे वडील उशीर करत नव्हते. दिसेल ते झाड ते लगेच तोडत होते. हे त्यांना सांगायला आता ते नाहीत.

धाकट्या भावाने पुन्हा कलमे लावली आहेत. परवा फोनवर म्हणाला, "दादा, एकही झाड पिवळे नाही." मी विचारले, "नवतीवर सायला आहे का?"

"पाहून सांगतो," म्हणाला.