देहूच्या पालखीची वाट: बारामती आणि इंदापूर

संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत ती रोटी घाट चढते आणि बारामती तालुक्यात येते. पुढे उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी हे मुक्काम लागतात. काही वर्षी तिथीच्या हिशेबाने अंथुर्णेलाही मुक्काम पडतो. सराटीला नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. पंढरीच्या या वाटेवर गावोगावच्या लोकांनी आपापल्या कसबातून जे विधी घडवले, त्यांतले सर्वांत देखणे विधी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पाहायला मिळतात.

वारी तुकोबांच्याही आधीची. त्यांच्या घराण्यात ती पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आल्याचे सांगतात. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. देहूची पालखी आधी आळंदीला जाई आणि तिथून ज्ञानेश्वरांच्या पादुका बरोबर घेऊन दोन्ही संतांचा सोहळा एकत्रच पंढरीची वाट चाले. एकोणिसाव्या शतकात मानपानावरून आणि हक्कांवरून तुकोबांच्या वंशजांत वाद झाले. 1830 च्या दशकात आरफळच्या हैबतबाबांनी आळंदीचा सोहळा वेगळा केला. आज आळंदीची पालखी दिवे घाट, जेजुरीवरून येऊन नीरा ओलांडते आणि लोणंद, फलटण अशी नदीच्या दक्षिणेने जाते, तर देहूची पालखी भीमा आणि नीरा यांच्या मधल्या पठारावरून उतरते. दोघींची पुन्हा गाठ पडते ती पंढरपूरच्या वेशीवर, वाखरीला.

पालखीबरोबर चालणाऱ्या मोठ्या जमावाला वाट दाखवायला वेगळा माणूस लागत नाही. चालणारे दिंड्यांत विभागलेले असतात, प्रत्येक दिंडीला रथाच्या पुढचा किंवा मागचा ठरलेला क्रमांक असतो आणि दिंडीच्या आत पताकावाले, टाळकरी, मृदंगी, विणेकरी, तुळशी घेतलेल्या बाया यांच्या जागा ठरलेल्या असतात. चोपदार शिस्त राखतात. शेकडो वर्षे ही वाट नकाशाविना चालली गेली, ती या रचनेमुळे.

वाटेवरचा मुलूख मुळात कोरडा. सह्याद्रीने अडवलेल्या पावसातले जे उरते तेवढेच इथे पडते, आणि शेतकऱ्याची मदार बाजरी व शाळू ज्वारीवर असे. इंग्रजी राज्याच्या आरंभी प्रिंगल याने बसवलेला शेतसारा या जमिनींना पेलला नाही; रानेच्या राने पड पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात नवी, हलकी आकारणी तीस वर्षांसाठी लागू केली, आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या रयतवारीचा तोच नमुना ठरला. सारा हलका झाला तरी पाणी वाढले नव्हते. 1876-77 च्या दुष्काळाने ते उघड केले. त्यानंतर भोरच्या डोंगरात वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण झाले आणि नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापूर तालुक्यापर्यंत आला. जिथे पावसाळ्यात कड्याकड्यावरून धबधबे कोसळतात आणि खाचरांत भात लावतात, त्या मावळपट्ट्याचे पाणी असे ज्वारीच्या रानात पोचले. ऊस वाढला, वालचंदनगर वसले, भवानीनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पालखी आता या उसाच्या पट्ट्यातूनच सणसरला पोचते.

कोरड्या मुलखाची जुनी खूण टिकली आहे ती बारामतीच्या पुढे, काटेवाडीत. इथे परीट समाजाचे लोक पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. गावाचे कपडे धुणाऱ्यांनी आपल्या हातचे शुभ्र कापड पादुकांच्या वाटेवर अंथरायचे, असा हा मान आहे. त्यानंतर धनगर आपले कळप आणतात आणि मेंढ्या पालखीच्या रथाभोवती गोल धावतात. मेंढ्यांना रोगराई होऊ नये, कळप वाढावा, ही त्यामागची श्रद्धा. घोड्यांचे रिंगण वारीत अनेक ठिकाणी होते. मेंढ्यांचे मात्र काटेवाडीची ओळख होऊन बसले आहे.

हा विधी आषाढीच्याच वाटेवर का रुजला असावा, याचे उत्तर धनगरांच्या वर्षभराच्या भटकंतीत सापडते. या पट्ट्यातले मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडतात. त्यांतले कित्येक घाट उतरून कोकणात जातात. भात कापून झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या. त्यांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळते आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य किंवा पैसे. कोकणातला मुसळधार पाऊस आणि चिखल मेंढीला सोसत नाही, म्हणून पावसाच्या तोंडावर कळप पुन्हा घाट चढून कोरड्या माळावर परततात. ज्येष्ठ-आषाढात पालखी येते तेव्हा धनगर नेमके आपल्या गावी असतात आणि पहिल्या सरींनी माळावर गवत फुटू लागलेले असते. हीच वारी माघात या वाटेने आली असती, तर कळप इथे क्वचितच भेटले असते.

सणसरचा मुक्काम हलला की बेलवाडीला या पालखीचे पहिले गोल रिंगण होते. मैदानाच्या मधोमध पालखी विसावते. पताकाधारी, डोईवर तुळशी घेतलेल्या बाया, विणेकरी आणि टाळकरी पाळीपाळीने फेऱ्या घेतात आणि शेवटी अश्व धावतात. घोड्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. पुढे लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव अशी गावे घेत पालखी निमगाव केतकीला येते. हे पानमळ्यांचे गाव. विड्याच्या पानाच्या वेलीला सावली, ओलावा आणि रोजची निगा लागते. एरवी उघड्या माळाच्या या तालुक्यात पानमळ्यांचा गारवा चालणाऱ्यांना लगेच जाणवतो.

इंदापूर हे तालुक्याचे जुने ठाणे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इथल्या लढाईत कामी आले, आणि गावातली गढी त्यांच्या नावाने ओळखली जाते. इथे दुसरे गोल रिंगण होते, ते कदम विद्यालयाच्या पटांगणावर. पालखीच्या दिवशी तालुक्यातली गावेच्या गावे या पटांगणाभोवती लोटतात.

सराटीला नीरास्नान असते. सकाळी तुकोबांच्या पादुका नदीवर नेऊन त्यांना स्नान घालतात, आणि मग सोहळा अकलूजकडे निघतो. हीच नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला, नरसिंहपूर इथे भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरात जाऊन चंद्रभागा होते.

अलीकडच्या काळात या क्रमाला मोठा खंड पडला तो करोनाच्या साथीत. 2020 आणि 2021 मध्ये पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या गेल्या आणि काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर इथली मैदाने ओस राहिली. 2022 मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. तोवर रस्ताही बदलू लागला होता. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पालखी महामार्गांची पायाभरणी झाली. पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजवरून तोंडलेपर्यंतचा रस्ता चौपदरी करून त्याच्या कडेला वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट ठेवण्याचे ठरले. वाहनांच्या गर्दीत जीव मुठीत धरून चालणाऱ्या दिंड्यांना अशी वाट हवीच होती. रुंदीकरणात रस्त्याकाठची जुनी झाडे मात्र गेली, आणि त्या सावलीची भरपाई व्हायला अनेक वर्षे लागतील. महामार्ग काही गावांना बाहेरून वळसा घालतो. पालखी मात्र मुक्कामासाठी आणि रिंगणासाठी गावातच शिरते.