राजाभाऊंचा मास्तर

नवघरच्या घरातूनच बोलतोय, तेव्हा मधेच रिक्षाचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजची गोष्ट नट असलेल्या दोन दिग्दर्शकांची. पहिला इटलीचा व्हित्तोरिओ दे सिका. १९३०च्या दशकातला देखणा, लोकप्रिय नट. पुढे दिग्दर्शनात उतरला, १९४८चा ‘बायसिकल थीव्ज’ त्याचाच. १९५२मध्ये त्याने ‘उंबेर्तो डी.’ काढला. पेन्शन पुरत नाही, घरमालकीण बाहेर काढायला टपलेली, सोबतीला फक्त एक कुत्रा, अशा म्हाताऱ्याची कहाणी. त्या भूमिकेसाठी त्याने नट घेतलाच नाही. कार्लो बत्तिस्ती नावाचे भाषाशास्त्राचे प्राध्यापक उभे केले.

दुसरे आपले राजा परांजपे. जन्म १९१०, मिरजेचा. तेही आधी नट, मग दिग्दर्शक. १९४८च्या ‘जिवाचा सखा’पासून गदिमा, सुधीर फडके आणि राजाभाऊ हे त्रिकूट जमलं. १९५२च्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये लाख रुपये उधळून दाखवायची अट होती, लोक पोट धरून हसले. आणि दोनच वर्षांनी ‘ऊन पाऊस’! मास्तर निवृत्त होतात आणि म्हातारपणी नवरा-बायकोची मुलांमध्ये वाटणी होते. एकाकडे वडील, दुसऱ्याकडे आई.

हे मास्तर झाले स्वतः राजाभाऊ. वय अवघं चव्वेचाळीस. बायको सुमती गुप्ते.

म्हणजे बघा, दे सिकाने म्हातारपण खऱ्या म्हाताऱ्याकडून घेतलं, राजाभाऊंनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. मला वाटतं, हसवणाऱ्या माणसाने केला म्हणूनच तो मास्तर केविलवाणा होत नाही. त्याची दया येत नाही, आपली लाज वाटते.

पुढे ‘जगाच्या पाठीवर’ झाला, ‘पाठलाग’ झाला, त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. १९७९मध्ये राजाभाऊ गेले. माझ्या मनात मात्र मास्तरच राहिले.

त्याला कारण आहे. आमचं घर वन रूम किचन. वर्षभर आई माझ्याकडे आणि बाबा भावाकडे, डोंबिवलीला. ‘सोय’ म्हणायचो आम्ही त्याला. या भागासाठी सिनेमा पुन्हा लावला तेव्हा आई शेजारी येऊन बसली. संपल्यावर एवढंच म्हणाली, “ह्यांना फोन लाव रे.”

रविवारी तिला घेऊन डोंबिवलीला जातोय. पुढचा भाग एक दिवस उशिरा येईल.