तेलाच्या डब्यावरचा हिवाळा

मोटारीच्या इंजिनात घालायच्या तेलाचा डबा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्यावर २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असे काहीतरी छापलेले असते. मधला डब्ल्यू हा ‘वेट’चा, म्हणजे वजनाचा, असे पुष्कळ जण सांगतात, गॅरेजमधले अनुभवी मिस्त्रीसुद्धा. पण तो वजनाचा नाही, ‘विंटर’चा म्हणजे हिवाळ्याचा आहे. महाबळेश्वरला दवाचे थेंब गोठले की आपल्याकडे त्याची बातमी होते. अशा मुलखात तेलाच्या डब्यावर हिवाळा कशाला, असा प्रश्न कोणी चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला अलास्का, मॉस्को आणि अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरापर्यंत जावे लागेल.

आधी तेलाचे काम काय ते पाहू. १८८३ साली बीचम टॉवर हे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यांनी एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. टॉवर यांनी भोकात बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. अखेर दाबमापक लावला तेव्हा कळले, की फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि दाबाखालच्या तेलाच्या पातळ थरावर तो अक्षरशः तरंगतो. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली याचे गणित मांडले. इंजिन चांगले चालते तेव्हा धातू धातूला जवळजवळ टेकतच नाही. तेल तिथे वेळेवर पोचले नाही, तर मात्र टेकतो आणि मग बेअरिंग खरवडून निघायला फार वेळ लागत नाही.

हा थर टिकण्यासाठी तेलाला योग्य तेवढी श्यानता हवी. श्यानता म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, आपल्या बोलीत दाटपणा. ती फार कमी असेल तर थर फाटतो, फार जास्त असेल तर इंजिन फिरत नाही. अडचण अशी, की श्यानता तापमानाप्रमाणे प्रचंड बदलते. चालत्या इंजिनात १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जे तेल हवे तसे पातळ असते, तेच कडाक्याच्या थंडीत काही हजारपट दाट होऊ शकते.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. त्यांतला फरक वर्गात सहज दाखवता येतो. एका बाटलीत एरंडेल, दुसरीत खोबरेल आणि तिसरीत इंजिनाचे तेल घेऊन तिन्ही बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी एरंडेल फार सावकाश ओघळेल, पण ओघळेल. खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडणार नाही. एरंडेल दाट झाले आहे, खोबरेल थिजले आहे. पहिल्यात रेणूंची एकमेकांवरून सरकण्याची गती मंदावली, दुसऱ्यात स्फटिक तयार झाले. इंजिनाचे तेल बाटलीत बऱ्यापैकी वाहते दिसेल. मात्र खनिज तेलात थोडे मेण विरघळलेले असतेच. आपल्या फ्रिजमध्ये त्याचा त्रास दिसत नाही. उणे २५ अंशांच्या सुमारास असे तेल एकाच वेळी एरंडेलासारखे आणि खोबरेलासारखे वागू लागते.

१९२०-३० च्या दशकांत अलास्कात आणि उत्तर कॅनडात छोटी विमाने घेऊन फिरणाऱ्या वैमानिकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. संध्याकाळी विमान उतरले, की इंजिन गरम असतानाच ते सगळे तेल डब्यात काढून घेत आणि डबा खोपटात नेऊन ठेवत. सकाळी तेल शेगडीवर तापवायचे, इंजिनावर ताडपत्रीची झूल टाकायची, तिच्याखाली स्टोव्ह पेटवून इंजिन शेकायचे आणि मग गरम तेल ओतून ताबडतोब चालू करायचे. ताडपत्रीने पेट घेतला तर विमान गेले. म्हणून स्टोव्हपाशी कोणीतरी सतत बसून राही.

मोटारवाल्यांची स्थिती थोडी बरी होती. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट वाचले. पण थंडीने इथेही दुहेरी पेच टाकला. उणे १८ अंशांना शिशाच्या बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद निम्म्याच्या आसपास उरते, आणि नेमके त्याच वेळी दाट तेलामुळे इंजिन फिरवायला कितीतरी जास्त ताकद लागते. तेव्हाचा उपाय साधा होता: उन्हाळ्यात दाट तेल, हिवाळ्यात पातळ तेल, वर्षातून दोनदा बदल. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएई या संस्थेने, १९११ साली तेलांचे पहिले वर्गीकरण केले. पुढे १०, २०, ३० असे आकडे रूढ झाले. आकडा मोठा, तेल दाट. हे आकडे म्हणजे श्यानतेचे मोजमाप नव्हे. ती नुसती इयत्तांची नावे आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

सगळी तेले थंडीत सारखी बिघडत नाहीत, हेही हळूहळू ध्यानात आले. पेनसिल्व्हानियातल्या कच्च्या तेलापासून केलेले वंगण तापमानाप्रमाणे कमी बदले, तर मेक्सिकोच्या आखाताकाठचे फार बदले. १९२९ साली डीन आणि डेव्हिस या दोघांनी पहिल्याला १०० आणि दुसऱ्याला ० गुण देऊन एक मोजपट्टी तयार केली. तिलाच श्यानता निर्देशांक म्हणतात. (आजची उत्तम तेले या पट्टीवर शंभराच्या पुष्कळ पुढे गेली आहेत, पण पट्टी तीच आहे.) याच डेव्हिस यांना १९३१ साली असा पदार्थ सापडला, की जो अगदी थोडा मिसळला तरी तेल थिजण्याचे तापमान बरेच खाली जाई. तो मेणाचे स्फटिक होणे थांबवत नाही. स्फटिकांना एकमेकांत गुंतून जाळे करू देत नाही. ‘पॅराफ्लो’ या नावाने तो विकला गेला.

हे ज्ञान असूनही तयारी नसेल तर काय होते, ते १९४१ च्या हिवाळ्यात दिसले. जून महिन्यात सोव्हिएत संघावर चढाई करणाऱ्या जर्मन सैन्याची अपेक्षा थंडीपूर्वीच मोहीम उरकण्याची होती. डिसेंबरच्या सुरुवातीला मॉस्कोसमोर पारा उणे ३० च्या आसपास गेला, तेव्हा रणगाड्यांची आणि ट्रकांची इंजिने फिरेनात, बंदुकांच्या यंत्रणेतले वंगणही घट्ट झाले. सैनिक इंजिनाखाली जाळ करू लागले, किंवा इंजिने तासन्‌तास चालूच ठेवू लागले. त्यात आधीच अपुरे असलेले इंधन जळून जाई. जर्मनीच्या पराभवाचे सगळे श्रेय थंडीला द्यावे असे आम्हांला वाटत नाही. सोव्हिएत सैनिकही त्याच थंडीत लढत होते. फरक तयारीचा होता. त्यांच्या टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला विजेच्या स्टार्टरखेरीज दाबलेल्या हवेच्या टाक्याही होत्या. बॅटरीने मान टाकली, तर हवेच्या दाबाने इंजिन फिरवता येई.

याच काळात वापरात असलेली विमानांची एक युक्ती आम्हांला फार आवडते. विमान उतरल्यावर इंजिन बंद करण्याआधी गरम तेलात मोजून पेट्रोल सोडायचे. तेल पातळ होते आणि रात्रभर पातळच राहते. सकाळी इंजिन सहज फिरते. तापू लागले की पेट्रोल उडून जाते आणि मूळचे दाट तेल उरते. थंडीत पातळ आणि गरमीत दाट, असे दोन्ही गुण एकाच तेलाकडून काढून घेण्याची ही रांगडी तऱ्हा म्हणायची.

तेच काम रसायनशास्त्राने अधिक सफाईने केले. लांब साखळ्यांचे बहुवारिक पदार्थ तेलात विरघळवले, तर थंडीत त्या साखळ्या वेटोळी करून बसतात आणि फारसा अडथळा करीत नाहीत. तेल तापले, की त्या पसरतात आणि तेलाचे पातळ होणे काहीसे रोखतात. तापल्यावर तेल दाट होते असे काही पुस्तकांत लिहिलेले असते, ते चूक आहे. ते पातळच होते, फक्त कमी होते. १९५० साली एसएईने ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, २०डब्ल्यू या हिवाळी इयत्ता आपल्या वर्गीकरणात घेतल्या आणि त्या दशकात १०डब्ल्यू-३० सारखी बारमाही तेले बाजारात आली. डब्ल्यूच्या मागचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, पुढचा १०० अंशांच्या आसपासचा.

पण थंडीतली वागणूक मोजायची कशी? सुरुवातीला ती मोजतच नसत. सुमारे ३८ आणि ९९ अंशांना श्यानता मोजायची आणि आलेखाची रेषा तशीच लांबवून उणे १८ ला किती होईल ते वाचायचे. नववीतला विद्यार्थीही विचारील, की रेषा तिथपर्यंत सरळच जाते कशावरून? बारमाही तेलांच्या बाबतीत ती तशी जात नाही. १९६७ साली थंड इंजिन फिरवण्याची नक्कल करणारे उपकरण प्रमाण म्हणून स्वीकारले गेले आणि हा अंदाजाचा कारभार थांबला.

आणि तरीही १९८०-८१ चा हिवाळा आला. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स शहरात अनेक मोटारींची इंजिने निकामी झाली. त्यांतले तेल तेव्हाच्या चाचण्या उत्तीर्ण झालेले होते. इंजिने सुरूही नीट झाली होती, आणि दुखणे नेमके तिथेच होते. पूर्वी तेल घट्ट झाले, की इंजिन फिरतच नसे. माणूस शिव्या घालीत पायी जाई, पण इंजिन वाचे. आता ते फिरले, चालू झाले, आणि खालच्या भांड्यातले तेल पंपापर्यंत गेलेच नाही. पंपाच्या तोंडाशी होते तेवढे ओढले गेले, तिथे खड्डा पडला, भोवतालचे तेल तो भरून काढायला सरकले नाही आणि पंप हवा ओढत बसला. तेल नुसते दाट नव्हते; त्याचे जेलीसारखे झाले होते.

प्रयोगशाळेत हे का दिसले नाही? आपल्या घरातले तूप याचे उत्तर देते. कढवलेले तूप ओट्यावर सावकाश निवू दिले, तर चांगले रवाळ होते. गरम भांडे थंड पाण्यात बुडवून झटपट निववले, तर रवा बारीक राहतो आणि तूप गुळगुळीत होते. स्फटिकांना वाढायला वेळ लागतो. प्रयोगशाळेत नमुना भराभर थंड करीत. सू फॉल्समध्ये रस्त्यावर उभ्या मोटारी हवेबरोबर हळूहळू निवत गेल्या. मेणाला सवड मिळाली, आणि त्याने तेलभर जाळे विणले. तापमान किती खाली गेले एवढेच पाहून भागत नाही, ते कसे खाली गेले हेही पाहावे लागते.

मग चाचणी निसर्गासारखी करण्यात आली. नव्या पद्धतीत नमुना ४५ तासांहून जास्त वेळ घेऊन थंड करतात. उणे ८ ते उणे २० या नाजूक टप्प्यात तर तासाला अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा. नंतर दोन गोष्टी पाहतात: तेलात जाळे बसले आहे का, आणि श्यानता ६०,००० मिलिपास्कल-सेकंदांच्या आत आहे का. पाण्याची श्यानता २० अंशांना साधारण १ असते, त्यावरून कल्पना यावी. आजच्या नियमांत १०डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची परीक्षा उणे २५ ला आणि पंपाची उणे ३० ला होते. ५डब्ल्यूसाठी हे आकडे उणे ३० आणि उणे ३५, तर ०डब्ल्यूसाठी उणे ३५ आणि उणे ४०. प्रत्येक वेळी पंपाची परीक्षा पाच अंश खाली आहे, ती का, हे सू फॉल्सची हकीकत सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारावे.

०डब्ल्यूपर्यंतची मजल मुख्यतः संश्लेषित तेलांमुळे शक्य झाली. त्यांत मेण जवळजवळ नसतेच. जर्मनीत हेरमान झोर्न यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अशा एस्टर तेलांवर मोठे काम केले. पुढे जेट विमानांत ती सर्रास वापरली जाऊ लागली. मोटारीसाठी ती बाजारात आणणाऱ्या पहिल्या लोकांत आल्बर्ट अमाट्झिओ होते. ते मिनेसोटातल्या डलूथ या अतिथंड शहरातले लढाऊ विमानांचे वैमानिक. जेट इंजिनात चालते ते मोटारीत का नाही, या विचारातून त्यांचे तेल १९७२ साली मान्यताप्राप्त झाले.

तरी उणे ४० च्या खाली नुसत्या तेलावर कोणी विसंबत नाही. नॉर्थ डकोटातल्या अँड्रू फ्रीमन यांनी इंजिनात बसवायच्या विजेच्या हीटरचे पेटंट १९४९ साली घेतले. आज अलास्कातल्या फेअरबँक्सला किंवा कॅनडातल्या विनिपेगला मोटारीच्या पुढच्या जाळीतून वायरचे टोक लोंबताना दिसते, आणि वाहनतळावर त्यासाठी प्लग असतात. याकुतियात काही जण मोटारीला जाड गोधडी घालतात, काही जण इंजिन दिवसभर बंदच करीत नाहीत.

आपल्या देशात याचा अनुभव लडाखमधल्या ट्रकचालकांना आहे. पहाटे इंजिनाखाली जाळ करण्याचा उद्योग त्यांनीही केला आहे. तिथे तेलाआधी डिझेलच मेण धरते. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल २०१९ साली लडाखसाठी आणले, ते या कारणाने. महाराष्ट्रात मात्र २०डब्ल्यू तेलालाही कधी घाम फुटणार नाही. त्याची परीक्षाच उणे १५ ला होते. तरी नव्या मोटारींच्या माहितीपुस्तिकेत आता ०डब्ल्यू-२० असे तेल सुचवलेले दिसते. ते थंडीसाठी नव्हे. पातळ तेलात इंजिनाची ताकद कमी वाया जाते आणि पेट्रोल वाचते. उणे ३५ अंशांची परीक्षा दिलेले तेल एप्रिल महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर धावते आहे, ते एवढ्यासाठी.